घरातल्या वजनकाट्याचे आकडे जुळत नाहीत. रोजच्या नोंदीवर किती विसंबावे?

सुरंगी

नमस्कार. माझ्या सासऱ्यांचे, म्हणजे आप्पांचे, हृदय अशक्त झाले आहे आणि अंगात पाणी साठू नये म्हणून त्यांना लघवी वाढवणारी गोळी सुरू आहे. घरी सोडताना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले आणि रोज सकाळी वजन करून वहीत लिहायला सांगितले. अंगात साठणारे पाणी पायांवरच्या सुजेत दिसण्याआधी वजनात दिसते, त्यामुळे वजन झपाट्याने चढले तर सुजेची वाट न पाहता फोन करावा, असे त्यांचे म्हणणे आहे.

अडचण काट्याची आहे. आमचा काटा काचेचा, चार पायांचा, बॅटरीवर चालणारा आहे. त्याच्यावर आप्पांना लागोपाठ उभे केले तर एकदा ६१.४, लगेच ६२.६ आणि पुन्हा ६०.९ असे आकडे येतात. उद्या एक किलो वाढ दिसली तर ती पाण्याची समजावी की काट्याची, हे आम्हाला कळणार कसे? हर्णैच्या अलीकडे आमचे जांभ्याच्या चिऱ्यांचे जुने घर आहे. न्हाणीघर सतत ओले असते म्हणून काटा पडवीत, शहाबादी फरशीवर ठेवला आहे. सेल नवे घातले आहेत. डॉक्टर चिपळूणला बसतात आणि तिकडे जाऊन यायचे म्हटले की दिवस मोडतो, त्यामुळे उगाच धावपळ नको आणि खरोखर गरज असताना उशीरही नको, अशी आमची स्थिती आहे.

काटा घरच्या घरी तपासता येतो का, तो कुठे ठेवावा आणि तीन वेगळे आकडे आले तर वहीत कोणता लिहावा, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

खाडीकाठ

सुरंगीताई, वजनकाटे दुरुस्त करण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून मला पहिला संशय काट्याचा येत नसून त्याच्या खालच्या फरशीचा येतो.

अशा काट्याच्या प्रत्येक पायात धातूची एक लहान पट्टी असते आणि तिच्यावर स्ट्रेन गेज नावाची बारीक तार चिकटवलेली असते. भार पडला की पट्टी डोळ्यांना दिसणार नाही इतकी वाकते, तारेचा विद्युत रोध किंचित बदलतो आणि चारही पायांकडून आलेल्या या बदलांची बेरीज करून आतले सर्किट आकडा दाखवते. हे सगळे बरोबर चालायचे तर माणसाचा पूर्ण भार त्या चार पायांमधूनच, सरळ खाली, जमिनीत उतरला पाहिजे. जुनी शहाबादी फरशी हाताला गुळगुळीत लागली तरी सपाट क्वचितच असते. तिच्यावर काट्याचे तीन पाय टेकतात आणि चौथा अधांतरी राहतो. माणूस जरा पुढे उभा राहिला की काच एका बाजूला कलते, मागे सरकला की दुसऱ्या बाजूला, आणि दर वेळी भाराची वाटणी बदलून आकडाही बदलतो. पायपुसणे, काथ्याची चटई किंवा सारवलेली जमीन यांवर तर काटा कधीच ठेवू नये, कारण तिथे पाय रुततात आणि काट्याचा तळ जमिनीला लागून काही भार पायांना चुकवून खाली जातो.

किनाऱ्यावरच्या घरांत आणखी एक कारण मला वारंवार सापडले आहे, ते म्हणजे पुळण. चपलांबरोबर आलेली बारीक वाळू काट्याच्या पायात, रबरी टोपी आणि खोबण यांच्यामध्ये शिरते आणि तो पाय जाम होतो. काटा उलटा करून प्रत्येक पाय अंगठ्याने हलकेच दाबून पाहा. चारही पाय सारखेच, जरासे दबून परत वर आले पाहिजेत. एखादा दगडासारखा घट्ट लागला तर कोरड्या ब्रशने तो साफ करा. पाणी किंवा तेल घालू नका. सेलच्या कप्प्यातल्या पत्र्यांवर हिरवट थर आला असेल तर तोही कोरड्या फडक्याने पुसा. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, नवे सेल घालूनही तिथला संपर्क कच्चा राहतो.

तपासणी अशी करा. दहा किलो तांदळाची न फोडलेली पिशवी काट्याच्या चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने ठेवा आणि आकडे लिहा. ते एकमेकांच्या दोनशे ग्रॅमच्या आत आले तर पाय ठीक आहेत. एकच कोपरा वेगळा बोलत असेल तर दोष त्याच पायात आहे. नंतर घरातल्या एखाद्या धडधाकट माणसाने एकदा रिकाम्या हातांनी आणि एकदा पाच किलो पिठाची बंद पिशवी घेऊन उभे राहावे. दोन आकड्यांत पाच किलोंचा फरक यायला हवा. ही दुसरी तपासणी मला अधिक मोलाची वाटते, कारण काटा प्रत्यक्षात ज्या वजनाला वापरायचा त्याच वजनापाशी ती होते. यासाठी खाद्यतेलाची पिशवी मात्र घेऊ नका. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते, आणि तेवढ्यावरून चांगला काटा वाईट ठरवलेले लोक मी पाहिले आहेत.

काट्याची जागा एकदा ठरली की ती बदलू नये. काटा उचलून भिंतीला उभा करण्याची सवय बऱ्याच घरांत असते, आणि तो परत खाली ठेवला की त्याचे शून्य सरकलेले असते. हलवावाच लागला तर ठेवल्यावर पायाने हलकेच दाबून चालू करा, शून्य येऊ द्या, तो आपोआप बंद होऊ द्या आणि मगच वजन करा.

अक्षांश सतरा

खाडीकाठ यांनी यंत्राची बाजू नेमकी मांडली आहे. मी रत्नागिरीत भौतिकशास्त्र शिकवतो आणि त्या अनुषंगाने एक भेद स्पष्ट करू इच्छितो, कारण सुरंगीताईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आहे.

काट्याची चूक दोन प्रकारची असते. एक ठाम चूक: काटा रोज, प्रत्येकाला, सारखेच आठशे ग्रॅम जास्त दाखवतो. दुसरी भटकी चूक: तोच काटा त्याच माणसाला कधी आठशे ग्रॅम जास्त आणि कधी पाचशे ग्रॅम कमी दाखवतो. डॉक्टरांना आप्पांचे वजन कालच्यापेक्षा किती बदलले हे हवे आहे, आणि आजच्या आकड्यातून कालचा आकडा वजा केला की ठाम चूक आपोआप निघून जाते. भटकी चूक मात्र वजाबाकीत उरते, इतकेच नव्हे तर दोन्ही दिवसांची मिळून वाढूही शकते. म्हणून तुमचा काटा दवाखान्यातल्या काट्याशी जुळतो की नाही याची चिंता मागे ठेवा आणि तो स्वतःशी जुळतो की नाही ते आधी पाहा.

ठाम चुकीचे एक उदाहरण आपल्या भूगोलातूनच येते. गुरुत्वाकर्षण विषुववृत्तावर ध्रुवांपेक्षा सुमारे अर्ध्या टक्क्याने कमी असते, आणि स्ट्रेन गेजचा काटा मोजतो तो भार या गुरुत्वाकर्षणावर अवलंबून असतो. पन्नास अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे साधारण मध्य युरोपात, जुळवलेला काटा कोणताही बदल न करता सतरा अंशांवरच्या रत्नागिरीत आणला तर सत्तर किलोंच्या माणसाचे वजन तो जवळजवळ १९० ग्रॅम कमी दाखवेल. दिल्लीत जुळवलेल्या काट्याबाबत हाच फरक पन्नास ग्रॅमच्या आसपास राहतो. रोजच्या नोंदीला यातून काहीही बाधा येत नाही, कारण आप्पा रोज त्याच अक्षांशावर उभे राहणार आहेत.

आकड्यातल्या दशांशचिन्हाच्या पुढचे घर पाहून काटा शंभर ग्रॅमपर्यंत अचूक आहे असेही समजू नये. तो शंभर ग्रॅमच्या टप्प्यांनी आकडा दाखवतो, एवढाच त्याचा अर्थ आहे.

रानमोगरा

या धाग्यात माझाही एक प्रश्न जोडतो. मी वजन कमी करण्याच्या प्रयत्नात आहे आणि माझा अनुभव सुरंगीताईंच्या उलट आहे. माझा काटा लागोपाठ कितीही वेळा उभे राहिले तरी अगदी तोच आकडा दाखवतो. मात्र दुसऱ्या दिवशी एकदम दीड किलोचा फरक पडतो. आमच्याकडे वीज सतत कमीजास्त होते, त्याचा परिणाम असेल का?

खाडीकाठ

रानमोगरा, काटा सेलवर चालतो, त्यामुळे घरातल्या विजेच्या दाबाचा त्याच्याशी संबंध नाही. लागोपाठ तंतोतंत तोच आकडा येणे हे मात्र नेहमीच अचूकतेचे लक्षण नसते. घरगुती वापराच्या अनेक काट्यांमध्ये मागचा आकडा लक्षात ठेवण्याची सोय असते आणि नवे वजन त्याच्या जवळपास, म्हणजे दोनतीनशे ग्रॅमच्या आत आले, तर काटा नवा आकडा न दाखवता जुनाच पुन्हा दाखवतो. ग्राहकाला काटा स्थिर वाटावा एवढाच त्याचा हेतू असतो. ही सोय आहे का ते पाहायचे तर पाण्याची लहान बाटली हातात घेऊन लगेच पुन्हा उभे राहा. दोनशे ग्रॅमची बाटली घेऊनही आकडा हलला नाही तर काटा जुनेच उत्तर देतो आहे. त्यावर उपाय सोपा आहे. दोन मोजण्यांच्या मध्ये पाचदहा किलोंची एखादी वस्तू काट्यावर ठेवून तिचे वजन करा, म्हणजे त्याच्या आठवणीतला आकडा बदलतो.

दीड किलोचा रोजचा फरक काट्याचा असेलच असे नाही. त्याबद्दल वैद्यकीय माहिती असणाऱ्यांनी लिहावे.

बकुळ

मी जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात परिचारिका म्हणून काम केले असून आता निवृत्त आहे. आधी रानमोगरा यांच्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण सुरंगीताईंनाही त्याचा उपयोग होईल.

निरोगी प्रौढ माणसाचे वजन एका दिवसात एक ते दोन किलोंनी सहज वरखाली होते आणि त्या बदलात चरबीचा वाटा जवळजवळ नसतो. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० किलोकॅलरी. गणपतीत कितीही उकडीचे मोदक झाले तरी एका दिवसात गरजेपेक्षा इतके जास्त खाणे कोणालाही शक्य नाही. मग वाढते काय? पोटातले अन्न आणि पाणी यांचे वजन तर असतेच. त्याशिवाय भात, घावणे, आंबोळी असे पिष्टमय पदार्थ खाल्ले की त्यांतली साखर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठते आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. हा साठा चारपाचशे ग्रॅमपर्यंत असू शकतो, म्हणजे त्याच्या भरण्या-ओसरण्यात पाण्यासकट दीड-दोन किलोंचा फरक पडू शकतो. भात बंद केला की पहिल्या आठवड्यात वजन धडाधड उतरते आणि आठवडाभराने पंगतीला बसले की परत चढते, त्याचे मुख्य कारण हेच आहे.

दुसरे कारण मिठाचे. अंगातल्या द्रवात मिठाचे प्रमाण लिटरला सुमारे नऊ ग्रॅम असते आणि शरीर ते प्रमाण राखू पाहते, त्यामुळे नऊ ग्रॅम जास्तीचे मीठ अंगात राहिले तर त्याच्यासोबत एक लिटर पाणी, म्हणजे एक किलो वजन, राहते. निरोगी माणसाची मूत्रपिंडे ते मीठ दोनेक दिवसांत बाहेर टाकतात. अशक्त हृदयाच्या रुग्णाला ते तितक्या लवकर जमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे आणि आपल्याकडे खारवलेली सुकी मासळी, लोणचे, पापड, आंबोशी असे एका ताटात आले तर ती मर्यादा जेवण संपण्याआधीच ओलांडली जाते. सुरंगीताई, आप्पांच्या वहीत वजनाशेजारी एक रकाना आदल्या दिवशीच्या खारट पदार्थांसाठी ठेवा. वाढ दिसली की तिचे कारण शोधताना तुम्हालाही आणि डॉक्टरांनाही त्याचा फार उपयोग होतो. स्त्रियांमध्ये पाळीच्या आधी पाणी धरल्यामुळे वजन वाढते, तेही वजन कमी करू पाहणाऱ्या मैत्रिणींनी ध्यानात ठेवावे.

म्हणून वजनाची वेळ एकच असावी: सकाळी उठल्यावर, शौच-लघवी उरकून, चहा किंवा पेज घेण्याआधी, रोज साधारण सारख्याच कपड्यांत आणि कोरड्या अनवाणी पायांनी. रात्रीभरात श्वास आणि घाम यांतून काहीशे ग्रॅम पाणी जाते, त्यामुळे रात्रीचे वजन आणि सकाळचे वजन यांची तुलना करू नये.

पाणंद

वरील सर्व माहिती उपयुक्त असली तरी माझे मत थोडे वेगळे आहे. रोज काट्यावर उभे राहिले की मन त्या आकड्याला चिकटते, एक दिवस वाढला की उपास आणि एक दिवस उतरला की गोडधोड असे चक्र सुरू होते, आणि ज्यासाठी हे सारे आरंभले तेच बाजूला राहते. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी वजन करणे पुरेसे आहे असे मला वाटते.

अक्षांश सतरा

पाणंद, मनावर होणाऱ्या परिणामाबद्दल तुमचे म्हणणे मला पटते, परंतु आठवड्यातून एकदाच घेतलेल्या आकड्याबद्दल गणित वेगळे सांगते. आठवड्याला अर्धा किलो या वेगाने चरबी कमी होत असेल तर रोजची घट सुमारे सत्तर ग्रॅम होते, म्हणजे काट्याच्या सर्वात लहान टप्प्यापेक्षाही कमी, आणि पाण्याचा रोजचा चढउतार तिच्या कितीतरी पट मोठा. नेमक्या त्या ठरलेल्या वारी पाण्याची भरती असेल तर आठवड्याची खरी घट पूर्ण झाकली जाते. त्याऐवजी रोज वजन करून त्या दिवशीचा आकडा न पाहिल्यासारखा वहीत टाकावा, सात दिवसांची सरासरी काढावी आणि या आठवड्याच्या सरासरीची मागच्या आठवड्याच्या सरासरीशीच तुलना करावी. एका आकड्यातली भटकंती सरासरीत बरीच विरते. ज्याला रोजचा आकडा खरोखरच त्रास देतो त्याने घरातल्या दुसऱ्या कोणाला तो वाचून लिहायला सांगावा.

बकुळ

आणि पाणंद, तुमचा सल्ला आप्पांना मात्र लागू करता येणार नाही. त्यांच्या बाबतीत धोका दोनतीन दिवसांत उभा राहतो. आठवड्याने पाहिलेला आकडा त्या वेळेपर्यंत निरुपयोगी झालेला असतो, आणि सात दिवसांची सरासरीही तिथे मदत करत नाही, कारण अचानक झालेली वाढ ती सौम्य करून दाखवते. वजन कमी करणाऱ्याने सरासरी पाहावी. हृदयाच्या रुग्णाने रोजचा आकडा पाहावा आणि तो आकडा घेण्यात शक्य तितकी काळजी घ्यावी.

पाणंद

हा फरक मी लक्षात घेतला नव्हता. रुग्णांसाठी रोजचेच वजन योग्य, हे मान्य.

सुरंगी

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे काटा उलटा करून पाहिला, तेव्हा मागच्या डाव्या पायात वाळू घट्ट बसलेली होती. तांदळाची पिशवी तीन कोपऱ्यांवर १०.० आणि १०.१ दाखवत होती आणि त्याच कोपऱ्यावर ९.२. ब्रशने साफ केल्यावर चारही कोपरे जुळले. माजघरात काही वर्षांपूर्वी टाइल्स बसवल्या आहेत. तिथे भिंतीच्या कडेला, कोणाच्या पायात येणार नाही अशा जागी, काटा कायमचा ठेवला आहे. माझ्या यजमानांनी पिठाची पिशवी घेऊन आणि न घेता वजन केले, फरक बरोबर पाच किलो आला आणि लागोपाठच्या आकड्यांत शंभर ग्रॅमहून जास्त तफावत दिसली नाही.

आप्पांचे आकडे मात्र अजूनही अर्धा-पाऊण किलोने हलतात. त्यांना तोल जाण्याची भीती वाटते म्हणून ते खिडकीच्या गजाला हात लावून उभे राहतात आणि आकडा वाचायला खाली वाकतात. त्याचा परिणाम होतो का?

बकुळ

होतो, आणि तुमच्या उरलेल्या तफावतीचे तेच कारण असावे. माणसाला वाटते की आपण गजाला नुसते बोट लावले आहे, पण तोल सावरताना त्या बोटावर नकळत अर्धा-एक किलो भार जातो आणि तेवढा काट्यावरून कमी होतो. हात खाली दाबला तर वजन कमी दिसते, गज वर ढकलला गेला तर जास्त दिसते, आणि रोजचा हात रोजच्यासारखाच पडेल असे नाही. खाली वाकले की भार पुढच्या दोन पायांवर जातो आणि अंग हलत राहिल्याने काट्याला स्थिर आकडा मिळत नाही.

त्यांना चढताना तुमचा हात द्या. दोन्ही पाय काचेच्या मध्यावर, थोडे अंतर ठेवून टेकले की त्यांना समोर भिंतीकडे बघायला सांगा. तुम्ही समोर, दोन्ही हात त्यांच्या हातांखाली पण स्पर्श न करता धरून उभ्या राहा, म्हणजे आधार जवळ आहे याची त्यांना खात्री राहील. काट्याला तीनचार सेकंद पुरतात. आकडा तुम्ही वाचा आणि उतरताना पुन्हा हात द्या. ओल्या पायांनी काचेवर कधीही चढू देऊ नका. त्यांना आधाराशिवाय तेवढेही उभे राहवत नसेल तर काचेच्या काट्यावर स्टूल ठेवून बसवण्याचा प्रयोग करू नका, काच फुटते. बसून वजन करता येणारा काटा कुठे मिळेल ते डॉक्टरांना विचारा.

दोनतीनदा मोजून मधला आकडा लिहा. तुमच्या पहिल्या तीन आकड्यांत तो ६१.४ होता. मधला आकडा घेतला की एखादे चुकलेले मोजमाप नोंद बिघडवत नाही.

आता किती वाढ धोक्याची, याबद्दल. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक तत्त्वांत तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक अचानक वाढ ही रुग्णाने कळवण्याची खूण मानली आहे. तुमच्या डॉक्टरांनी याहून कमी आकडा सांगितला असेल तर तोच पाळा, आणि सांगितला नसेल तर पुढच्या फोनवर विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. वजन वाढो वा न वाढो, आडवे झाल्यावर धाप लागू लागली, झोपताना उशा वाढवाव्या लागल्या किंवा रात्री श्वास कोंडून जाग आली तर काट्याकडे न पाहता फोन करावा. वजन भराभर उतरत असेल, उभे राहताना चक्कर येत असेल किंवा जुलाब-उलट्या झाल्या असतील तर तेही कळवावे, कारण गोळीमुळे अंगातले पाणी गरजेपेक्षा कमी झालेले असू शकते. गोळी मात्र आपल्या मनाने वाढवू किंवा कमी करू नये.

काजूबाग

वेंगुर्ल्याजवळ आमचा काजूगर काढण्याचा लहान उद्योग आहे. आमच्या प्लॅटफॉर्म काट्याची वैधमापन कायदा, २००९ नुसार ठरावीक काळाने पडताळणी होते आणि त्यावर शिक्का मारला जातो. घरगुती काट्याला ते बंधन नाही, कारण त्याच्यावर व्यापार होत नाही. तरीही घरच्या काट्याला एक ठाम खूणगाठ देता येते. वीस लिटरचा प्लास्टिकचा कॅन पाण्याने भरून त्याचे झाकण घट्ट बंद करावे, ओळखीच्या दुकानात किंवा कारखान्यात शिक्क्याच्या काट्यावर त्याचे वजन करून घ्यावे आणि तो आकडा कॅनवर रंगाने लिहावा. तो कॅन घरी ठेवून महिन्यातून एकदा काट्यावर ठेवला की काटा सरकतो आहे का ते कळते. तांदळाची उघडी पिशवी, वाळू किंवा जांभ्याचा चिरा यासाठी वापरू नये. आमच्या धंद्यात ओलीमुळे मालाचे वजन कसे बदलते ते आम्ही दर पावसाळ्यात पाहतो, आणि जांभा तर पाणी फारच शोषतो.

रानमोगरा

खाडीकाठ, बाटलीची तपासणी केली. आकडा हलला नाही, म्हणजे काटा जुनाच आकडा दाखवत होता. आता मध्ये दुसरी वस्तू ठेवून मोजतो. दुसरे असे की शरीरातील चरबीची टक्केवारी दाखवणारा काटा घ्यावा का? त्याने गोंधळ कमी होईल का?

बकुळ

गोंधळ वाढेल. ते काटे तळपायांतून अतिशय क्षीण वीजप्रवाह सोडून त्याला होणारा अडथळा मोजतात आणि त्यावरून चरबीचा अंदाज बांधतात. अंगातले पाणी कमीजास्त झाले, पाय ओले असले किंवा नुकताच व्यायाम झाला असला तरी ती टक्केवारी बदलते, म्हणजे ज्या पाण्यामुळे तुमचे वजन हलते तेच या आकड्यालाही हलवते. कंबरेचा घेर महिन्यातून एकदा मोजपट्टीने मोजलात तर त्याहून जास्त समजेल. आणि या धाग्यावर हृदयाचे रुग्ण असलेली घरे आहेत म्हणून आवर्जून लिहिते: ज्यांच्या छातीत पेसमेकर किंवा तसे दुसरे उपकरण बसवले आहे त्यांनी अशा काट्यावर उभे राहू नये. आप्पांसाठी साधा, फक्त वजन दाखवणारा काटाच योग्य आहे.

सुरंगी

बकुळताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे उभे केल्यावर आप्पांचे तिन्ही आकडे ६१.२ आणि ६१.३ यांच्यातच आले. डॉक्टरांना फोन करून विचारले, त्यांनी दोन दिवसांत दीड किलो ही मर्यादा सांगितली आहे आणि ती वहीत लिहिली आहे. पाण्याचा कॅनही भरून ठेवला आहे, दापोलीला जाताना वजन करून आणू. एकच शंका उरली आहे: हा काटा पुढेमागे बिघडलाच आणि नवा आणावा लागला तर जुनी नोंद वाया जाईल का?

खाडीकाठ

वाया जाणार नाही, मात्र जुना पूर्ण बंद पडण्याची वाट पाहू नका. कॅनचा आकडा सरकू लागला किंवा कोपरे साफ करूनही जुळेनासे झाले की नवा आणावा आणि आठवडाभर आप्पांचे वजन दोन्ही काट्यांवर, एकापाठोपाठ, करून दोन्ही आकडे लिहावेत. त्या आठवड्यात दोन काट्यांमधला फरक साधारण कायम राहिला, समजा नवा रोज चारशे ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर तो फरक वहीत नोंदवून पुढे नव्यावरच वजन करावे. फरक रोज बदलत असेल तर दोन्ही काटे कॅनवर तपासून पाहावेत, म्हणजे भटकतो कोणता ते कळेल. ज्या दिवशी काटा बदलाल त्या तारखेखाली एक रेघ मारून शेजारी कारण लिहा, म्हणजे पुढे डॉक्टरांनी वही चाळली तर त्या जागी दिसणारी चारशे ग्रॅमची वाढ त्यांना पाण्याची वाटणार नाही.